बेडूक अपक्ष आहे

माझी भाची पुण्याला असते. तिच्या मुलीसाठी ती परीकथांची नवी-नवी पुस्तकं आणते आणि मी गेले की ती मोठ्यांदा वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडतं. नव्या पुस्तकांतली राजकन्या कराटे शिकलेली असते. एकटी घोड्यावर बसते, राक्षसाला शिस्त लावते, आणि राजपुत्र आलाच तर त्याला चहा टाकायला सांगते. माझी काही हरकत नाही. टाकू दे चहा. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात जाते. इतकं सगळं बदललं, तरी एकाही पुस्तकात विहीर म्हणून कोरडी पडत नाही. राजवाड्यामागे विहीर, विहिरीत काठोकाठ पाणी आणि पाण्यात गुबगुबीत बेडूक. कोणत्या तालुक्यात आहे हा राजवाडा, मला एकदा बघायचा आहे.

मी अशी मध्येच थांबून चिडले की पोरगी पान उलटून म्हणते, "आजी, पुढचं वाच ना." मी पुढचं वाचते. मन मात्र पाटोद्याजवळच्या आमच्या गावातल्या चारा छावणीत जाऊन बसलेलं असतं. तिथे मी एकदा राजकन्या झाले होते, आणि माझी माय बेडूक.

दुष्काळाचं वर्ष होतं. गावातली जनावरं छावणीत दावणीला बांधलेली, आणि जनावरांमागे बायकाही दिवसभर तिथेच. चुली तेवढ्या घरी, बाकी सगळा संसार छावणीत. आमच्या गावात बायकांची दूध संस्था होती. दूध जवळजवळ आटलं होतं, संस्था मात्र जोरात चालू होती. तिच्या चेअरमन एक बाई होत्या, पण गाव चेअरमन म्हणायचं त्यांच्या नवऱ्याला. त्यांना नुसतं 'चेअरमनबाई', म्हणजे चेअरमनची बाई. बैठकीत खुर्चीवर नवरा बसायचा, त्या खाली सतरंजीवर. ठराव तो सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "हं, कर सही." की त्या करायच्या.

तर या संस्थेला स्वच्छ दूध कसं काढावं याचं प्रशिक्षण मिळणार होतं. जीप आली, तिच्यातून खादीचा झब्बा घातलेल्या एक ताई उतरल्या, आणि बघतात तर दूधच नाही. ताई मोठ्या उमद्या. म्हणाल्या, हरकत नाही, आपण स्त्री-पुरुष समानता घेऊ. अशी आमच्याकडे दुधाच्या जागी समानता आली.

ताई कडब्याच्या पेंढीवर बसल्या आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली. राजकन्येचा सोन्याचा चेंडू विहिरीत पडतो. विहिरीतला बेडूक म्हणतो, मी काढून देतो, पण शब्द दे की मला घरी नेशील, तुझ्या ताटात जेवू घालशील, माझ्याशी लग्न करशील. ती शब्द देते, चेंडू घेते आणि पळते. बेडूक राजवाड्याच्या दारात येऊन उभा राहतो. राजा म्हणतो, दिला शब्द पाळलाच पाहिजे. मग लग्न, आणि बेडकाचा राजपुत्र.

गोष्ट सगळ्यांना आवडली. मग ताईंनी विचारलं, "आता सांगा, या गोष्टीत बेडूक कशाचं प्रतीक आहे?"

एक म्हैस तेवढी खाकरली.

"प्रतीक म्हणजे," ताईंनी सोपं करून सांगितलं, "चिन्ह."

असं म्हणायची खोटी, सगळ्यांचे चेहरे उजळले. चिन्ह कोणाला माहीत नाही? गावच्या सेवा सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती. चेअरमनच्या पॅनलचं चिन्ह छत्री, समोरच्यांचं बादली. छत्रीवाल्या घरची बाई बादलीवालीच्या दारात हळदीकुंकवालाही जात नव्हती.

"बेडूक कोन्या पॅनलचं हाय?" एकीने विचारलं.

"आपल्याकडं तरी न्हाई बाई बेडूक कोनाला," चेअरमनबाई म्हणाल्या. "अपक्ष असंल."

ताईंना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी टाळी वाजवली. "अपक्ष! वा! आणि शेवटी लग्न झाल्यावर त्या दोघांचं काय होतं?"

"कोयता व्हतो," चारपाच जणी एकदम बोलल्या.

ताईंचे डोळे भरून आले. "लग्नाचा कोयता होतो... किती धारदार प्रतिमा आहे ही!"

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागलो. यात धारदार काय, ते कोणालाच कळेना. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला अर्धं गाव ऊस तोडायला कारखान्यावर जातं. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत फारसं कोणी विचारत नाही. म्हणून पोरगा हाताशी आला की त्याचा कोयता पुरा करायची घाई. एवढं साधं होतं ते. राजपुत्र झाला तरी एकट्याला कोण घेणार टोळीत?

मला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही, कारण त्याच महिन्यात माझा कोयता करायचं ठरलं होतं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांनी धारूरकडच्या एका पाहुण्यांना शब्द दिला होता. त्यांचा मुलगा अर्धा कोयता होता. आधी सुपारी फोडायची आणि टोळी निघायच्या आत काढीव मुहूर्तावर लग्न. मी पाटोद्याला अकरावी पास झाले होते आणि मला बारावीला बसायचं होतं. मी भांडी आपटली. एका सकाळी जेवणार नाही म्हणून बसले, पण दुपारी ठेच्याचा वास आला आणि उठले. दादांचं एकच: "म्या शबूद दिलाय." आणि माय गप्प. माझी माय घरात इतकं कमी बोलायची की 'भाकर वाढू का' हेसुद्धा ती भाकर वाढूनच विचारायची. मला दादांपेक्षा तिचा राग जास्त आला होता. जिने निदान हूं की चूं करावं, ती माझ्यासमोर बसून निवांत ज्वारी निवडत होती.

ताई म्हणाल्या, ही गोष्ट तुम्ही तुमच्या पद्धतीने बदला, आणि संस्थेच्या वार्षिक सभेला तिचं नाटक करा. बदलायला बसल्यावर पहिला वाद पाण्यावरूनच निघाला.

"विहिरीत पानीच न्हाई तर बेडूक जगंल कसा?"

"असतोय गाळात एखांदा."

"अन् पानी न्हाई तर त्याचं काम काय मंग? पोरगी सोताच उतरंल की दोराला धरून. आपुन न्हाई का उतरत?"

झालं. आमच्या गावची राजकन्या स्वतःच विहिरीत उतरली, चेंडू घेऊन वर आली, आणि बेडकाला करायला काही कामच उरलं नाही. उपकार नाही, म्हणून शब्दही नाही. ताई तर नाचायच्याच बाकी होत्या. बायकांचा मात्र पुढचा तासभर दोर कोणाच्या घरचा आणायचा यावर गेला.

माझं पाठांतर चांगलं, म्हणून राजकन्या मी. नवऱ्याचा फेटा घरात तयार आहे, म्हणून राजा चेअरमनबाई. दासी व्हायला चिक्कार जणी तयार होत्या, कारण दासीला गजरा होता. बेडूक व्हायला कोणी तयार होईना. जन्मभर बेडकी म्हणतील, सासू आधी म्हणेल, अशी सगळ्यांची भीती. तेवढ्यात मागून आवाज आला, "म्या व्हते." माय होती. बेडकाला बोलायचं काही नव्हतं, फक्त 'डराँव' करायचं होतं. ताई म्हणाल्या, छान. मी मनात म्हटलं, हिला शोभेल. तेवढं तरी बोलेल.

तालमी सुरू झाल्या आणि चेअरमननी लक्ष घातलं. राजकन्येच्या हातात बादली दिसली तशी त्यांनी तालीम थांबवली. "बादली स्टेजवर येता कामा न्हाई. हा उघड उघड प्रचार हाय." ताईंनी समजावलं की बादली विहिरीचं प्रतीक आहे. "प्रतीक हाय म्हनूनच म्हनतो!" चेअरमन म्हणाले. बादली गेली, घागर आली. मग त्यांनीच सुचवलं की राजाच्या डोक्यावर छत्र असतं, तर आपल्या राजाने छत्री धरावी. बायकांनी मान डोलावली, कारण वाद घालायचा तर छावणीचा चारा त्यांच्याच हातून वाटला जात होता.

सोन्याच्या चेंडूची अडचण आमच्या बैलाने सोडवली. त्याच्या गळ्यातलं मोठं पितळी घुंगरू चिंचेने घासून चेंडू केला. पण ते वाजलं की दावणीतून बैल हंबरायचा. त्याला वाटायचं, आपल्याला कोणीतरी न्यायला आलंय. बेडकाला हिरवं लुगडं मिळेना, तेव्हा मायच्या अंगाला कडुलिंबाचे डहाळे बांधायचे ठरले. इथेच आमच्या हातून मोठी चूक होत होती आणि ती कोणाच्याही लक्षात आली नाही.

सभा दुपार कलल्यावर ठेवली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या फळ्या पाडून स्टेज केलं. ट्रॉलीच्या मागची मोकळी जागा ही विहीर. पुढे सगळं गाव बसलेलं. पहिल्या रांगेत चेअरमन, शेजारी दादा, आणि दादांच्या शेजारी धारूरकडचे पाहुणे. सुपारी दुसऱ्या दिवशी होती, पण नाटक आहे म्हटल्यावर ते आदल्या दिवशीच आले होते. भरघोस मिशांचा मुलाचा बाप, आणि त्याच्या पलीकडे मुलगा, नवा शर्ट घातलेला. मला पडद्याआडून ते दिसले. पडदा म्हणजे चेअरमनबाईंची वाकळ होती. तिच्यात तोंड खुपसून मी चक्क देवाचा धावा केला.

राजा छत्री उघडून आला. महिनोन्‌महिने ढगाचा पत्ता नाही आणि वर उघडी छत्री. बादलीवाल्यांकडून आरोळी आली, "राजेसाहेब, कुठं लागला पाऊस?" चेअरमननी मागे वळून डोळे वटारले, आणि मग सवयीने बायकोला वाक्यं सांगायला लागले. "बोल, प्रजाजनहो... मोठ्यानं बोल... छत्री वर धर..." चेअरमनबाईंनी थोडा वेळ ऐकलं. मग फेटा सारखा करून त्यांनी भर सभेत विचारलं, "राजा म्या हाय का तुमी?" इतकी टाळी त्या छावणीत आधी कधी पडली नसेल.

मी घुंगरू खेळले. ते विहिरीत पडलं. बैल हंबरला. मी दोर धरून ट्रॉलीमागे उतरले, घुंगरू घेऊन वर आले, बैल पुन्हा हंबरला. आता ट्रॉलीखालून बेडूक बाहेर यायचा होता. आला. लिंबाच्या पाल्याने मढलेली माझी माय उकिडवी, दोन्ही हात पुढे टेकून, उड्या मारत प्रेक्षकांच्या मधून निघाली. "डराँव. डराँव."

आणि बसलेली माणसं पटापट सरकून तिला वाट द्यायला लागली.

पाऊस लांबला की आमच्याकडे धोंडी काढतात. एखाद्या पोराला लिंबाचा पाला बांधायचा, सोबत बेडूक बांधून घ्यायचा, आणि दारोदार न्यायचं. घरची बाई त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतते, म्हणजे वरचा पाऊस पाडतो. त्या वर्षी ओतायला पाणीच नव्हतं म्हणून धोंडी निघालीच नव्हती. आणि आता लिंबाचा पाला बांधलेला बेडूक आपल्या पायांनी दारात आला होता. ताईंसाठी बेडूक म्हणजे बायकांवर लादलेला पुरुष, चेअरमनसाठी अपक्ष उमेदवार. पण गावासाठी तो दुसरं काय असणार?

पहिल्यांदा एक म्हातारी उठली. तिने आपल्या प्यायच्या तांब्यातलं पाणी मायच्या डोक्यावर ओतलं आणि हात जोडले. मग दुसरी उठली. मग सगळ्याच. टँकरच्या पाण्यासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बायका घागरी वाकवत होत्या. ताई ओरडत होत्या, "अहो, नाटक चालू आहे! ते प्रतीक आहे!" कोणी ऐकेना. धारूरचा मुलगाही उठला, चेअरमनसमोरचा पाण्याचा जग उचलला आणि आपल्या होणाऱ्या सासूच्या डोक्यावर अदबीने रिकामा केला. माय डोळे मिटून बसली होती. केसांतून, पाल्यातून, नाकावरून पाणी निथळत होतं. उन्हाळा लागल्यापासून तिने अंगावर एवढं पाणी घेतलं नव्हतं. तिच्या तोंडावर तसं सुख मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

सगळे पुन्हा जागेवर बसले. ओला बेडूक राजवाड्यात शिरला. राजाने नाटकातलं वाक्य घेतलं, "बेडूक दारात आला, म्हंजी तू शबूद दिला असशील. दिला शबूद पाळलाच पाहिजे!"

"बराबर हाय," खाली बसलेले दादा पटकन बोलून गेले. मिशीवाल्या पाहुण्यांनी मान हलवली.

आता माझं वाक्य होतं. 'मी शब्द दिलेला नाही.' एवढंच. पाठ होतं, झोपेतून उठवलं असतं तरी म्हटलं असतं. पण दादा समोर बसून माझ्याकडे बघत होते. घरी भांडी आपटणारी मी, नुसती उभी राहिले. राजाने वाक्य पुन्हा म्हटलं. ताई विंगेतून माझं वाक्य पुटपुटल्या. बैलसुद्धा गप्प होता. मला मोठ्याने रडू येणार, हे मला कळत होतं.

"राजेसाहेब," बेडूक म्हणाला.

मी खाली बघितलं. माय उकिडवीच होती, पण मान वर केलेली.

"पोरीनं शबूद न्हाई दिला. म्या विहिरीतच व्हते, मला ठावं हाय. ज्यानं दिलाय त्यानं करावं बेडकासंगं लगीन."

मागून कोणीतरी ओरडलं, "केलंय की! त्याचंच तर कुकू हाय बेडकाला!"

छावणी फुटली हसून. माणसं एकमेकांच्या अंगावर पडायला लागली. चेअरमन खुर्चीवरून घसरले. दादासुद्धा हसले. त्यांना हसायचं नव्हतं, पण हसले. माय तेवढी हसली नाही.

"हसू नगा," ती म्हणाली. "माझा आन् धन्याचा कोयता पुरा हाय. हात चालतायत तवर आमी तोडू ऊस. माझी लेक कोयता न्हाई. तिला बारावी करायचीय. मला कोनी इचारलं न्हाई म्हनून म्या बोलले न्हाई, आता बेडकाला तरी इचारा." मग तिला आपण कोण आहोत ते आठवलं असावं. तिने दोन्ही हात पुन्हा जमिनीला टेकले आणि अगदी हळू म्हणाली, "डराँव."

कोणी हसलं नाही. चेअरमनबाईंनी छत्री मिटली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याने सांगितलेल्या ठरावांवर सह्या केल्या होत्या, त्यामुळे ठरावाची भाषा त्यांना तोंडपाठ होती.

"सूचक, बेडूक," त्या म्हणाल्या. "अनुमोदक कोन हाय?"

"हे विषयपत्रिकेत न्हाई!" चेअरमन ओरडले.

बायकांचे हात वर गेले. छत्रीवाल्यांच्या बायकांचे आणि बादलीवाल्यांच्याही. धारूरचा मुलगाही हात वर करून बसला होता. त्याच्या बापाने तो खाली ओढला, त्याने पुन्हा वर केला. मला आजही वाटतं, तो मुलगा चांगला होता. माझ्या नशिबात नव्हता, एवढंच.

"मंजूर," राजा म्हणाला.

मिशीवाले पाहुणे तडक उठले. "चेष्टा लावली का? शबूद दिलता तुमी!" दादा उठून उभे राहिले. हसणं थांबलं होतं. त्यांनी एकदा मायकडे बघितलं. ओल्या पाल्यात ती कुडकुडत होती. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आमच्याकडे माणूस असा टोपी काढत नाही.

"शबूद माझा व्हता, पावनं," ते म्हणाले. "माघारी मीच घेतो. पोरीचं नाव नगा घेऊ."

पाऊस काही आला नाही. त्या वर्षी आला तो नंतर, उशिरा आणि तोंड दाखवण्यापुरता. बायकांनी पुढे कितीतरी दिवस मायला दोष दिला, की बेडूक बोलला म्हणून धोंडी बाटली. सोसायटीत छत्री पडली. गावाने दादांचं नाव 'बेडकाचा नवरा' ठेवलं ते कायमचं. पारावर गेले की कोणी ना कोणी डराँव करायचं. दादा मान खाली घालून निघून यायचे. घरी ते माझ्याशी बोलत नव्हते, मायशीही नाही. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो होत नव्हता. वाटायचं, मी बारावी करणार, आणि त्याच्या बदल्यात माझ्या बापाला गावात तोंड काढायला जागा उरलेली नाही.

टोळी निघाली त्या सकाळी मी वेशीत उभी होते. पाटोद्याच्या वसतिगृहात माझी सोय झाली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गोधड्या, भांडी, पालाचे बांबू, कोंबड्या, आणि सगळ्याच्या वर माय आणि दादा शेजारी शेजारी. आम्ही दोघी पदराने डोळे पुसत होतो, माझ्याकडे पदर नव्हता म्हणून मी ओढणीने. ट्रॅक्टर सुरू झाला. तेवढ्यात वरून आवाज आला.

"डराँव."

दादा होते. तोंड गंभीर, टोपी डोक्यावर घट्ट, नजर समोर रस्त्यावर. सगळी ट्रॉली हसायला लागली, माय तोंडात पदर कोंबून हसली, आणि दादांनी मान वळवून माझ्याकडे बघत पुन्हा एकदा, गावाला ऐकू जाईल असं, "डराँव!" केलं.

मी दोन्ही हात तोंडाशी धरून उलट उत्तर दिलं. ट्रॅक्टर वळणाआड गेला, धुळीत दिसेनासा झाला, तरी तिकडून ऐकू येत होतं. आता ते दोघंही करत होते.